पंतप्रधानांनीच उघडायची पेटी

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनच्या १०, डाउनिंग स्ट्रीटवर दोन प्रकारच्या पेट्या येत. एका पेटीत रोजचा सरकारी कारभार असे. ती खासगी सचिव उघडत, कागद लावून ठेवत आणि मग पंतप्रधानांपुढे सरकवत. दुसरी पेटी बदामी रंगाची. ती पंतप्रधानांनी स्वतःच उघडायची, असं तिच्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं आणि किल्ली विन्स्टन चर्चिलच्या जुडग्यात असे. जॉन कोलव्हिल हा त्याचा खासगी सचिव. पत्रं, भाषणांचे मसुदे, रात्री-अपरात्रीचे फोन, सगळं त्याच्या हातून जाई. पण बदामी पेटीत काय असतं, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

त्या पेटीत शत्रूचं टपाल असे. जर्मन सैन्य ‘एनिग्मा’ नावाच्या यंत्रावर आपले बिनतारी संदेश सांकेतिक करून पाठवत होतं. हे यंत्र पहिल्यांदा फोडलं ते पोलंडच्या गणितज्ञांनी, १९३२ साली. युद्ध तोंडावर आल्यावर, जुलै १९३९मध्ये त्यांनी आपलं सगळं ज्ञान ब्रिटिश आणि फ्रेंचांच्या हवाली केलं. लंडनच्या वायव्येला ब्लेचली पार्क नावाच्या एका इस्टेटीत ब्रिटिशांनी त्यावर पुढचं काम सुरू केलं. चर्चिल १० मे १९४० रोजी पंतप्रधान झाला आणि त्याच महिन्याच्या २२ तारखेपासून जर्मन विमानदलाचे संदेश ब्लेचलीत नियमितपणे उलगडू लागले. या माहितीला पुढे ‘अल्ट्रा’ असं नाव पडलं.

ब्लेचलीतलं काम आवारात उभारलेल्या लाकडी बराकींमध्ये चाले. सहा नंबरच्या बराकीत विमानदल आणि लष्कराच्या संदेशांचं कुलूप उघडायचं. उघडलेले कागद तीन नंबरच्या बराकीत जायचे. बिनतारीने पकडलेला संदेश बहुतेकदा तुटका असे, अक्षरं गळालेली असत. ती जुळवायची, जर्मनमधून इंग्रजी करायचं आणि मग त्यात आलेलं प्रत्येक नाव, प्रत्येक पलटणीचा क्रमांक, प्रत्येक विमानतळ कार्डावर नोंदवायचा. अशा हजारो कार्डांच्या जोरावर एखाद्या क्षुल्लक ओळीचा अर्थ लागे. समजा, एका अधिकाऱ्याची बदली झाल्याची ओळ आली. तो अधिकारी पूर्वी कुठल्या दलाबरोबर दिसला होता ते कार्ड सांगे आणि ते दल आता कुठे सरकतंय याचा अंदाज बांधता येई. युद्धाच्या शेवटी इथे सुमारे नऊ हजार माणसं राबत होती आणि त्यातल्या बहुसंख्य बायका होत्या.

यातलं किती पंतप्रधानांपुढे ठेवायचं? सप्टेंबर १९४०मध्ये चर्चिलने हुकूम सोडला की एनिग्माचे सगळे संदेश मला रोज दाखवा. ब्रिटिश हेरखात्याचा प्रमुख स्टुअर्ट मेन्झीस याच्यापुढे प्रश्न पडला, कारण तो ढीग एका माणसाने दिवसभर वाचला तरी संपला नसता. मग निवडक संदेश द्यायचं ठरलं. पण चर्चिलने एक अट सोडली नाही. त्याला सारांश नको होता, मूळ संदेशाचं भाषांतर हवं होतं. दुसऱ्याने गाळलेला, पाक करून वाढलेला मजकूर त्याला नको असे. मेन्झीस बहुतेक रोज स्वतः ती पेटी घेऊन जाई. गुपित फुटू नये म्हणून बोलताना या माहितीला ‘बॉनिफेस’ म्हणत, म्हणजे जणू त्या नावाचा कुणी हेर शत्रूच्या गोटात बसला आहे.

या वाचकाने ब्लेचलीची काळजीही घेतली. ६ सप्टेंबर १९४१ रोजी तो स्वतः तिथे जाऊन आला. पुढच्याच महिन्यात, २१ ऑक्टोबरला, गणितज्ञ ॲलन ट्युरिंगसह तिथल्या चौघा संकेततज्ज्ञांनी वरिष्ठांना ओलांडून थेट त्यालाच पत्र लिहिलं की माणसं कमी पडताहेत, टायपिस्ट मिळत नाहीत, काम तुंबलं आहे. त्यांच्यातला स्टुअर्ट मिल्नर-बॅरी पत्र घेऊन डाउनिंग स्ट्रीटवर गेला. सरकारी शिस्तीत हा गुन्हाच. चर्चिलने ‘आजच कार्यवाही करा’ असा शेरा मारून, हवं ते सगळं द्या आणि दिल्याचं मला कळवा, असा हुकूम काढला.

मूळ कागद वाचण्याचा फायदा मार्च १९४१च्या अखेरीस दिसला. युगोस्लाव्हिया हिटलरच्या करारात सामील झाला आणि लगेच रुमानियातल्या जर्मन रणगाडा डिव्हिजनांना पोलंडमधल्या क्राकोकडे निघण्याचा हुकूम सुटला. दोनच दिवसांत, २७ मार्चला, बेलग्रेडमध्ये उठाव होऊन तो करार गडगडला आणि डिव्हिजनांना थांबवण्यात आलं. चर्चिलने या हुकमांचे उलगडलेले संदेश वाचले आणि त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. बाल्कनमधलं काम संपलं असं वाटताच हिटलर रणगाडे क्राकोला हलवतो, म्हणजे त्याचा पुढचा घास रशिया आहे. गुप्तवार्तेचा एकत्रित आढावा घेणारी ब्रिटिशांची संयुक्त समिती मात्र जूनपर्यंत साशंक होती. हिटलर आधी रशियाकडे मागण्या ठेवेल, लगेच हल्ला करणार नाही, असं तिचं म्हणणं. इथे समितीपेक्षा एकटा वाचक बरोबर निघाला.

पण त्याच वर्षी हाच वाचक चुकलाही आणि त्या चुकीची किंमत मराठी माणसांनीही मोजली.

उत्तर आफ्रिकेत जर्मन जनरल रोमेल नुकताच उतरला होता. बर्लिनहून त्याला आलेले हुकूम असे होते की थांब, आणखी कुमक येऊ दे, मेपर्यंत मोठी चढाई नको. ब्रिटिश निर्धास्त राहिले. रोमेलने हुकूम बाजूला सारला आणि मार्चच्या अखेरीस चाल केली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बेनगाझी गेलं. शत्रूचे हुकूम वाचता येत होते, पण तो ते पाळेल की नाही हे कुठल्याच संदेशात लिहिलेलं नव्हतं.

रोमेल आवरेना म्हणून जर्मन लष्करी मुख्यालयाने जनरल पाउलुसला चौकशीला पाठवलं. मेच्या सुरुवातीला त्याने अहवाल धाडला की सैन्य दमलं आहे, इंधन आणि दारूगोळ्याची ओढाताण आहे, नवी चढाई जमणार नाही. हा अहवालही बदामी पेटीत आला. चर्चिलला वाटलं, रोमेल टेकीला आला आहे, आता घाव घाला. १२ मे रोजी भूमध्य समुद्रातून धोका पत्करून आणलेले २३८ रणगाडे अलेक्झांड्रियाला पोचलेच होते. त्याने सेनापती आर्चिबाल्ड वेव्हेलच्या मागे हल्ल्याचा लकडा लावला. वेव्हेलला आपली तयारी अपुरी वाटत होती.

१५ जून १९४१ला हल्ला सुरू झाला. इजिप्त आणि लिबियाच्या सीमेवर हाफाया नावाची खिंड आहे. तिच्या वरच्या अंगाने ब्रिटिश रणगाडे चालून गेले. जर्मनांनी तिथे ८८ मिलिमीटरच्या विमानवेधी तोफा जमिनीत पुरून, नळ्या रणगाड्यांकडे आडव्या वळवून ठेवल्या होत्या. खालच्या, समुद्राकडच्या अंगाने ११वी हिंदी ब्रिगेड चढत होती. त्या ब्रिगेडमध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी पलटण होती. सोबतचे रणगाडे सुरुंगांत अडकले आणि पायदळ उघड्यावर आलं. तीन दिवसांत ब्रिटिशांचे ९१ रणगाडे गेले आणि माघार घ्यावी लागली. आठवड्याच्या आत वेव्हेलची उचलबांगडी झाली. त्याला हिंदुस्थानचा सरसेनापती करून पाठवलं आणि हिंदुस्थानचा सरसेनापती क्लॉड ऑकिनलेक त्याच्या जागी गेला. पुढे व्हाइसरॉय म्हणून आपल्या इतिहासात येणारा वेव्हेल तो हाच.

गफलत कुठे झाली? पाउलुसचा अहवाल खराच होता, पण तो जर्मन वरिष्ठांसाठी लिहिलेला होता. खालचा माणूस वरच्याला लिहितो तेव्हा अडचणी ठळक करूनच लिहितो. गावातून तालुक्याला जाणारा अर्ज वाचून गावाची खरी परिस्थिती ठरवू नये, हे आपल्याकडे कुणालाही सांगावं लागत नाही. शिवाय चढाईला असमर्थ असलेलं सैन्य बचावालाही असमर्थ असतं, असं नाही. तोफा पुरून बसायला पेट्रोल लागत नाही. हे सांगणारा माणूस रणभूमीवर होता. पण चर्चिलच्या हातात शत्रूचं पत्र होतं आणि शत्रूच्या पत्रापुढे स्वतःच्या सेनापतीचा शब्द हलका पडला.

ही माहिती वापरणं ही आणखी वेगळी कसरत. जर्मनांना संशय आला असता तर त्यांनी यंत्राची पद्धतच बदलली असती. म्हणून नियम कडक होते. रणभूमीवरच्या मोजक्या सेनापतींना खास पथकं हे संदेश दाखवत आणि वाचून झाले की नष्ट करत. रोमेलकडे माल नेणारं जहाज कुठल्या मार्गाने निघालं आहे हे आधीच कळलेलं असलं, तरी बुडवण्यापूर्वी एक टेहळणी विमान मुद्दाम त्याच्यावरून फिरवून आणत. जहाजावरच्यांना वाटे, विमानाने आपल्याला पाहिलं.

यातूनच एक दंतकथा जन्माला आली. १४ नोव्हेंबर १९४०च्या रात्री जर्मन विमानांनी कॉव्हेंट्री शहर बेचिराख केलं. चर्चिलला हे आधी ठाऊक होतं, पण गुपित राखण्यासाठी त्याने शहराचा बळी दिला, असं १९७४पासून पुस्तकांतून पसरलं. आजही ही गोष्ट रंगवून सांगितली जाते. कागदपत्रं वेगळंच सांगतात. त्या दिवशी मोठा हल्ला होणार हे कळलं होतं, पण चर्चिलच्या समजुतीप्रमाणे निशाण्यावर लंडन होतं. तो गावाबाहेर निघाला होता. वाटेत कागद वाचले आणि त्याने गाडी लंडनकडे परत वळवली. जिथे बॉम्ब पडणार असं वाटत होतं, तिथेच तो जाऊन बसला.

या पेटीतलं सगळ्यात अस्वस्थ करणारं पान मात्र वेगळं आहे. १९४१च्या उन्हाळ्यात रशियात शिरलेल्या जर्मन पोलीस दलांचे बिनतारी अहवाल ब्लेचलीत उलगडत होते. अमुक ठिकाणी इतके ज्यू गोळ्या घालून मारले, तमुक ठिकाणी इतके, असे आकडे. चर्चिलने ते वाचले, काही आकड्यांभोवती वर्तुळं केली. २४ ऑगस्टच्या रेडिओवरच्या भाषणात त्याने, या गुन्ह्याला नाव नाही, असं म्हटलं. सप्टेंबरच्या मध्यावर संदेश निवडणाऱ्यांनी शेरा लिहिला. हाती लागेल त्या ज्यूला पोलीस मारताहेत ही गोष्ट आता पुरेशी कळली असेल, म्हणून मागणी आल्याशिवाय या कत्तली यापुढे वेगळ्या कळवणार नाही. लिहिणारा कठोर होता असं नाही. रोज तेच येतंय, तर त्यात नवी बातमी काय, हा त्याचा हिशेब. निवडणाऱ्याच्या हाताखाली कत्तल ही नेहमीची बाब झाली आणि पानावरून उतरली.

आता मॉस्कोकडे वळू. हिटलर रशियावर येणार, हे चर्चिलने एप्रिलच्या सुरुवातीला स्टॅलिनला कळवलं. कुठून कळलं ते अर्थातच दडवलं. हा निरोप मॉस्कोतल्या ब्रिटिश राजदूतापाशीच दोन आठवड्यांहून जास्त अडकला, तो भाग निराळा. पण स्टॅलिनला ब्रिटिशांच्या चिठ्ठीची गरजच नव्हती. त्याचे स्वतःचे हेर बर्लिनपासून टोकियोपर्यंत पसरले होते. जर्मन हवाई मंत्रालयात बसलेल्या एकाने जूनच्या मध्यावर कळवलं की तयारी पूर्ण झाली आहे, हल्ला कधीही होईल. १७ जूनला हा अहवाल स्टॅलिनपुढे गेला. त्यावर त्याने शिवी हासडून शेरा मारला की हा खबऱ्या नाही, दिशाभूल करणारा आहे. पाच दिवसांनी, २२ जूनच्या पहाटे, तीस लाखांहून अधिक सैन्य सीमा ओलांडून आत आलं.

स्टॅलिनला मूर्ख ठरवून मोकळं होता येत नाही. त्याचा तर्क असा होता की ब्रिटन एकटा पडला आहे, आपल्याला युद्धात ओढण्यात त्याचा फायदा आहे, म्हणून ब्रिटनकडून येणारी प्रत्येक सूचना संशयास्पद. हिटलर आधी अटी घालेल, घासाघीस करेल, वेळ मिळेल. तर्काला जागा होती. जागा नव्हती ती विरुद्ध बोलणाऱ्याला. लष्करी हेरखातं उभं करणाऱ्या बेर्झिनला १९३८ साली गोळी घातली गेली होती. प्रोस्कुरोव्ह हा त्याच खात्याचा प्रमुख जुलै १९४०मध्ये हटवला गेला आणि ऑक्टोबर १९४१मध्ये त्यालाही गोळी घातली गेली. त्याच्यानंतर आलेल्या गोलिकोव्हने २० मार्च १९४१ला जो अहवाल दिला तो वाचण्यासारखा आहे. जर्मन सैन्य तीन आघाड्यांवर कसं येईल, याची बऱ्याच अंशी अचूक योजना त्यात दिली आहे. आणि शेवटी निष्कर्ष काय, तर वसंतात युद्ध होणार या बातम्या ब्रिटिशांनी, कदाचित जर्मनांनीही, पेरलेल्या अफवा समजाव्यात. आत सत्य, शेवटी साहेबांना आवडेल ते. जीव प्यारा असलेल्या अधिकाऱ्याने लिहिलेला हा अहवाल आहे.

चर्चिल आणि स्टॅलिन, दोघांनाही मूळ कागद हवा होता, दोघांचाही आपल्या वाचनावर भरवसा होता. फरक खोलीतल्या बाकीच्या माणसांमध्ये होता. चर्चिल वाचत असलेले संदेश त्याच्या तिन्ही सेनाप्रमुखांकडेही जात. ते त्याच्याशी तासन् तास भांडत, रात्री दोनपर्यंत चालणाऱ्या बैठकांत त्याच्या कल्पना हाणून पाडत. जास्तीत जास्त पद जाई, वेव्हेलचं गेलं तसं. मॉस्कोत मान जाई.

वॉशिंग्टनमध्ये ना भीती होती, ना हट्ट. तिथे व्यवस्थाच नव्हती. जपानच्या परराष्ट्र खात्याचा सांकेतिक कोड अमेरिकेने सप्टेंबर १९४०मध्ये फोडला होता. पण लष्कर आणि नौदल यांचं एकमेकांशी पटेना. मग वाटणी झाली. सम तारखेचे संदेश एकाने उलगडायचे, विषम तारखेचे दुसऱ्याने. राष्ट्राध्यक्ष रुझवेल्टला ते नेऊन देण्याचेही महिने वाटून घेतलेले. १९४१मध्ये असाच एक कागद राष्ट्राध्यक्षांच्या लष्करी सहायकाच्या कचरापेटीत सापडला, तेव्हा लष्कराने व्हाइट हाउसला कागद देणंच काही काळ बंद केलं.

६ डिसेंबर १९४१च्या रात्री नौदलाचा एक अधिकारी कुलूपबंद पिशवी घेऊन वॉशिंग्टनभर हिंडत होता. गाडी त्याची बायको चालवत होती. जपानच्या चौदा भागांच्या निरोपातले तेरा भाग पिशवीत होते. व्हाइट हाउसच्या अभ्यासिकेत रुझवेल्टने ते वाचले आणि याचा अर्थ युद्ध, अशा आशयाचं काहीतरी म्हणाला. नौदलप्रमुखाला फोन लावावा असं त्याच्या मनात आलं, पण नौदलप्रमुख नाटकाला गेला होता. भर प्रयोगातून उठून गेला तर लोक घाबरतील म्हणून तेव्हा फोन राहिला. चौदावा भाग सकाळी आला. सोबत सूचना होती की हा निरोप दुपारी बरोबर एक वाजता द्यायचा. वॉशिंग्टनमध्ये एक वाजतो तेव्हा हवाईत सकाळचे साडेसात वाजलेले असत. लष्करप्रमुखाने पाठवलेली इशाऱ्याची तार हवाईतल्या सेनापतीच्या हाती पडली तेव्हा तिथला पर्ल हार्बरचा नौदल तळ पेटलेला होता. निरोपात पर्ल हार्बरचं नावही नव्हतं, हे खरं. पण वाटून दिलेले तुकडे एका टेबलावर मांडून बघणारा कुणी नव्हता, हेही तितकंच खरं.

युद्धानंतर अमेरिकेने हा धडा गिरवला. १५ फेब्रुवारी १९४६पासून राष्ट्राध्यक्ष ट्रुमनला रोज एकत्रित सारांश मिळू लागला. १९६१ साली केनेडीसाठी खिशात मावेल अशी छोटी पुस्तिका सुरू झाली आणि १ डिसेंबर १९६४पासून तिचं आजचं दैनिक रूप आलं. आपल्याकडे १९९९च्या कारगिल युद्धानंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने जवळपास हेच दुखणं नोंदवलं. माहितीचे तुकडे वेगवेगळ्या खात्यांकडे होते, ते जोडून अर्थ लावण्याची व्यवस्था कमकुवत होती आणि ज्या संयुक्त समितीने हे करायचं तिच्या अहवालांना हवं तितकं महत्त्व दिलं जात नव्हतं.

एखाद्या हल्ल्यानंतर ‘गुप्तचर यंत्रणा अपयशी’ असा मथळा आपण अनेकदा वाचतो. पुढच्या वेळी तो वाचाल तेव्हा आणखी तीन गोष्टी विचारा. बातमी वरपर्यंत पोचली होती का? ती निवडणाऱ्याने काय गाळलं होतं? आणि ती वाचणाऱ्याला ‘साहेब, तुम्ही चुकताय’ असं म्हणण्याची कुणाची छाती होती का? १९४१च्या त्या एका वर्षात लंडन, मॉस्को आणि वॉशिंग्टन, तिन्ही ठिकाणी बातमी टेबलावर पोचलेली होती.